जाड, गोल वळणाचे देवनागरी अक्षर : आराखड्यापासून पाटीपर्यंत

धाराशिव जिल्ह्यातील भूमकडच्या एका खवा विक्रेत्यासाठी काही वर्षांपूर्वी मी जाड, गोल वळणाच्या अक्षरांत एक पाटी करून दिली होती. टेबलावर ती उत्तम दिसली, दुकानावर चढल्यावरही जवळून उत्तम दिसली. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर मात्र ती ‘रववा’ अशी वाचली जाऊ लागली. दोष रंगाचा नव्हता आणि फ्लेक्सचाही नव्हता. ख हे अक्षर जाड करताना त्यातील र चा पाय आणि व चे पोट एकमेकांना चिकटून काळा गोळा होऊ नये, म्हणून मी त्या दोहोंमध्ये ऐसपैस पांढरी जागा सोडली होती, आणि त्याच जागेने अक्षराचे दोन तुकडे केले होते. जाड अक्षर घडवणे म्हणजे रेघ फुगवणे, अशी माझी तोवरची समजूत होती. रेघ कोणालाही फुगवता येते. आत उरलेली थोडी पांढरी जागा कोणत्या अक्षराला किती आणि कोठे द्यायची, हे ठरवण्यात या कामाचा नव्वद टक्के वेळ जातो.

हा लेख अशा नवोदितांसाठी आहे, ज्यांना असे अक्षर स्वतः काढून पाहायचे आहे किंवा तयार फॉण्ट नेमका वापरायचा आहे : फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसणारी मुले, कलाशिक्षक, आणि हातात ब्रश असूनही आता संगणकाकडे वळू पाहणारे आपल्याकडचे पेंटर.

आधी काय पाहावे

काढायला बसण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस नुसते पाहावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावे, रसवंतीचे फलक आणि जुन्या पिठाच्या गिरण्यांच्या भिंती यांवर ब्रशने काढलेली जाड अक्षरे अजून सापडतात. बोरूचे टोक तिरके कापलेले असते, त्यामुळे बोरूच्या अक्षरात रेघ एका दिशेने जाड आणि दुसऱ्या दिशेने बारीक होत जाते. गोल ब्रशच्या अक्षरात हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, रेघ सगळीकडे सारखी भरते आणि टोके आपोआप गोल होतात. जाड, गोल अक्षराचे मूळ या ब्रशच्या हालचालीत आहे, हे ध्यानात ठेवले तर पुढे संगणकावर कोणती वळणे खोटी वाटतात ते लवकर कळते.

तयार फॉण्टांपैकी दोन फॉण्ट समोरासमोर ठेवून अभ्यासावेत, आणि दोन्ही मुंबईच्या एक टाइप या समूहाचे आहेत. ‘मोदक’ हा कमालीचा गुबगुबीत आहे; त्यात अक्षराच्या आतील पोकळ्या जवळजवळ बुजवून केवळ केसाएवढ्या पांढऱ्या फटी ठेवल्या आहेत आणि त्या फटींवरूनच अक्षर ओळखू येते. ‘बलू’ तुलनेने संयमी आहे. त्यात रेघ जाड असली तरी प्रत्येक अक्षराचे पोट उघडे राहते. त्याच्या ‘बलू २’ या नंतरच्या आवृत्तीत ४०० पासून ८०० पर्यंत पाच वजने, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पायऱ्या, मिळतात. दोन्ही फॉण्ट मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे व्यावसायिक कामातही ते विनाशुल्क वापरता येतात. मात्र फॉण्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही आणि मूळ फॉण्टचे नाव परवान्यात राखून ठेवलेले असेल, तर त्यात बदल करून तयार केलेल्या फॉण्टाला ते नाव देता येत नाही. रोमन लिपीत अशा अक्षरांचा प्रसिद्ध नमुना म्हणजे ऑस्वाल्ड कूपर यांनी १९२२ मध्ये केलेला ‘कूपर ब्लॅक’. तो जरूर पाहावा, पण त्याची वळणे उचलून देवनागरीवर चिकटवण्याचा मोह टाळावा. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते, आपले अक्षर शिरोरेषेला लटकते, आणि जाडीचा भार या दोन ठिकाणी सारखा पडत नाही.

पहिली पायरी : शब्द निवडणे

वर्णमाला अ पासून ज्ञ पर्यंत क्रमाने काढत जाण्याची चूक जवळजवळ प्रत्येक नवोदित करतो. त्याऐवजी मोजके शब्द निवडावेत आणि त्या शब्दांत फॉण्टाची सगळी भांडणे सोडवून घ्यावीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी मराठवाड्यातील जिल्ह्यांची आठ नावे देतो, कारण योगायोगाने या आठ नावांत जाड अक्षराच्या बहुतेक अडचणी भरलेल्या आहेत.

‘जालना’ या तीन अक्षरी शब्दात पाच उभे दंड येतात : ज चा, त्याच्या कान्याचा, ल चा, न चा आणि शेवटच्या कान्याचा. दंड जाड झाले आणि अंतर चुकले, की हा शब्द कुंपणासारखा दिसतो. ‘परभणी’त ण आणि दीर्घ वेलांटी शेजारी येऊन तोच प्रश्न आणखी दाट करतात, शिवाय भ च्या डोक्यावरची शिरोरेषा तुटलेली असल्यामुळे तेथे एक छोटी पांढरी जागा राखावी लागते. ‘धाराशिव’मध्ये ध ची तीच तऱ्हा आहे आणि शि ची ऱ्हस्व वेलांटी किती रुंद असावी हेही ठरवावे लागते. ‘लातूर’ खालच्या बाजूची परीक्षा घेते, कारण दीर्घ उकार जाड झाला की तो त च्या पोटात शिरू पाहतो. ‘हिंगोली’मध्ये ह च्या खालच्या वळणाला पुरेशी जागा मिळत नाही, आणि वर वेलांटीसोबत अनुस्वारही मावला पाहिजे. ‘नांदेड’मध्ये द ची शेपटी आणि ड चे पोट, ‘बीड’मध्ये ब च्या पोटातील तिरकी रेघ, आणि ‘छत्रपती संभाजीनगर’मध्ये छ, त्र व भ यांशिवाय एक निराळाच प्रश्न आहे, तो म्हणजे एवढे लांब नाव पाटीवर बसवण्याचा. त्याकडे पुढे येऊ.

या आठांत क, ख, फ, झ, ळ, ष येत नाहीत. त्यांच्यासाठी फुलंब्री, तुळजापूर, खुलताबाद, आष्टी, किनवट ही नावे जोडावीत. झ साठी ‘झुणका’ घ्यावा. आणि दोन शब्द असे आहेत, ज्यांच्याशिवाय आपल्याकडे कोणताही जाड फॉण्ट एक दिवस चालणार नाही : ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि ‘शेतकऱ्यांसाठी’.

दुसरी पायरी : सांगाडा

प्रथम पेन्सिलीने एकेरी रेघेत शब्द काढावा. या वेळी जाडीचा विचार करू नये. अक्षराची रुंदी, पोटाचा आकार आणि दंडाची जागा एवढेच पाहावे. जाड अक्षराचा सांगाडा साध्या अक्षराच्या सांगाड्यापेक्षा थोडा रुंद लागतो, कारण पुढे रेघ आतल्या बाजूलाही वाढणार असते. त्यानंतर त्याच सांगाड्यावर गोल टोकाच्या जाड मार्करने एकदाच, न थांबता हात फिरवावा. जेथे मार्कर अडखळतो, जेथे दोन रेघा मिसळून डाग पडतो, त्या जागा लाल पेनाने खुणावून ठेवाव्यात. पुढचे सगळे काम या लाल खुणांचे आहे.

आरंभ व पासून करावा. व चे पोट ठरले की ब ठरतो, त्याच पोटाची दोन वळणे क मध्ये दंडाच्या दोन्ही बाजूंना येतात, आणि ख चा उजवा भागही तेथूनच मिळतो. त्यानंतर प घ्यावा, म्हणजे ष आणि फ त्याच्या मागोमाग येतात. दंड नसलेली अक्षरे, म्हणजे ट, ठ, ड, ढ, द, ह, छ आणि ळ, यांचा वेगळा गट करून ती शेवटी काढावीत. ती शिरोरेषेला एका छोट्या देठाने लटकतात आणि तो देठ दंडाइतका जाड केला तर अक्षराला मानच उरत नाही.

तिसरी पायरी : जाडी

शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून तळरेषेपर्यंतची उंची मोजावी. वाचनाच्या साध्या फॉण्टात दंडाची जाडी या उंचीच्या सुमारे आठव्या हिश्शाइतकी असते. जाड शीर्षक-अक्षरात ती चौथ्या हिश्शापर्यंत नेता येते. त्यापुढे गेल्यास ‘मोदक’च्या वाटेने फटींचे अक्षर करावे लागते आणि तो नवोदिताचा प्रांत नाही. समजा फॉण्टाच्या १००० एककांच्या चौकटीत ही उंची ६२० एकके धरली, तर दंड १५० एककांच्या आसपास ठेवून सुरुवात करावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सगळ्या रेघा १५० च्या ठेवू नयेत. आडवी रेघ तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा डोळ्याला जास्त जाड वाटते, म्हणून शिरोरेषा आणि पोटाची आडवी वळणे दहा ते वीस टक्क्यांनी बारीक करावीत. जेथे पोट दंडाला येऊन मिळते, तेथे रेघ आणखी बारीक करावी; नाहीतर जोडावर काळा डाग साचतो. ब च्या पोटातील तिरकी रेघ, ष मधील रेघ, ण चे मधले अंतर, झ चा मधला सांधा, ळ ची दोन पोटे, या ठिकाणी तर नियम बाजूला ठेवून जाडी निम्म्यावर आणली तरी चालते. वाचणाऱ्याला ते जाणवत नाही. त्याला फक्त सगळी अक्षरे सारखी काळी दिसतात, आणि तेच हवे असते.

हे तपासण्याची युक्ती जुनीच आहे : छापलेला कागद भिंतीला लावून सात-आठ पावले मागे जावे आणि डोळे बारीक करून पाहावे. शब्दात एखादे अक्षर डागासारखे पुढे आले किंवा एखादे भोकासारखे मागे गेले, तर ते दुरुस्त करावे. मोबाइलवर शब्दाचा फोटो काढून तो नखाएवढा करून पाहिला तरी हेच काम होते.

चौथी पायरी : गोलाई आणि शिरोरेषा

रेघेचे टोक पूर्ण अर्धगोल ठेवायचे, की केवळ कोपरे मोडून थोडे मऊ करायचे, हा निर्णय सुरुवातीलाच घेऊन तो सर्व अक्षरांत पाळावा. पूर्ण अर्धगोल टोक खेळकर दिसते आणि लहान मुलांच्या कामाला शोभते. मोडलेला कोपरा थोडा पोक्त दिसतो आणि दुकानाच्या पाटीवर जास्त काळ टिकतो. अर्धगोल टोक डोळ्याला आखूड भासत असल्यामुळे दंडाचा खालचा गोल भाग तळरेषेच्या किंचित खाली, उंचीच्या दोन-तीन टक्के, उतरू द्यावा. तसे न केल्यास सपाट टोकाचे अक्षर आणि गोल टोकाचे अक्षर शेजारी आल्यावर दुसरे उचलल्यासारखे दिसते.

बाहेरची गोलाई सगळ्यांना आठवते, आतली विसरली जाते. पोटाच्या आतील पांढरी पोकळीही गोलच असली पाहिजे. बाहेरून लाडू आणि आतून चौकोनी डबा असे अक्षर खोटे वाटते. मात्र आतली गोलाई बाहेरच्यापेक्षा लहान त्रिज्येची ठेवावी, नाहीतर पोकळीचे कोपरे भरून येतात.

शिरोरेषेबाबत देवनागरीला असा एक त्रास आहे, जो रोमन अक्षराला माहीत नाही. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची दोन्ही टोके गोल केली, तर शब्दात अक्षरे जोडली जाताना प्रत्येक जोडावर वर आणि खाली दोन खाचा पडतात आणि ‘परभणी’ हा शब्द माळेत ओवलेल्या मण्यांसारखा दिसू लागतो. म्हणून अक्षराच्या अंगची शिरोरेषा दोन्ही बाजूंना सरळ कापावी आणि शेजारच्या अक्षरावर पाच-दहा एकके चढू द्यावी. मग शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी ती तुटक, चौकोनी दिसते, त्याचे काय करायचे? त्यावर दोन मार्ग आहेत. फॉण्टाच्या नियमांत शब्दारंभी आणि शब्दान्ती येणाऱ्या अक्षरांसाठी गोल टोकाची पर्यायी रूपे ठेवता येतात. हा मार्ग सुबक आहे, पण अक्षरांची संख्या वाढवतो. दुसरा मार्ग पाट्या करणाऱ्यांचा : शब्द तयार झाल्यावर त्याच्या बाह्यरेषा करून घ्याव्यात, सगळी अक्षरे एकजीव करावीत आणि दोन्ही टोके हाताने गोल करावीत. एकच पाटी करायची असेल तर दुसरा मार्ग पुरेसा आहे.

एकजीव करण्याची ही पायरी अॅक्रिलिक किंवा व्हिनाइल कापून घेताना तर अनिवार्यच असते. पडद्यावर एकमेकांवर चढलेल्या शिरोरेषा सलग काळ्या दिसतात, पण कटरला त्या दोन वेगळ्या आकृत्या वाटतात आणि तो जोडाच्या मधोमध चीर पाडतो. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये याला वेल्ड म्हणतात, आणि फाइल कटिंगला पाठवण्यापूर्वी ते केले आहे ना, हे दोनदा पाहावे.

पाचवी पायरी : मात्रा, वेलांट्या, रफार

जाड अक्षराची खरी अडचण डोक्यावर असते. शिरोरेषेवरचे सारे काही दंडापेक्षा पंधरा ते वीस टक्के बारीक काढावे, कारण तेथे जागा कमी आणि गर्दी जास्त. दोन मात्रांसाठी (‘पैठण’ आणि ‘औंढा’ हे शब्द समोर ठेवावेत) दोन रेघांमधील पांढरी फट आधी ठरवावी आणि उरलेली जागा रेघांना वाटावी. उलट क्रमाने केल्यास फट उरतच नाही. अनुस्वाराचा ठिपका वरच्या रेघेच्या जाडीपेक्षा थोडा मोठा हवा, नाहीतर जाड अक्षरांच्या कळपात तो धुळीचा कण वाटतो.

ऱ्हस्व वेलांटीचे एकच रूप करून भागत नाही. तिची कमान ‘कि’मध्ये एवढी, ‘मि’मध्ये त्याहून मोठी आणि जोडाक्षरावर आणखी मोठी लागते. निदान तीन रुंदींची रूपे करावीत. ‘हार्दिक’ या शब्दात र्दि वर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार दोन्ही येतात. येथे रफार वेलांटीच्या कमानीवर आदळतो. कमान थोडी सपाट करून रफार उजवीकडे सरकवणे हा माझा उपाय आहे. ‘समस्त कार्यकर्त्यांच्या वतीने’ या आपल्या चौकाचौकांतील ओळीत र्त्यां आहे, आणि तेथे रफार व अनुस्वार यांचे एकत्र चिन्ह वेगळे काढून ठेवणेच सोयीचे पडते.

खालच्या बाजूला उकारांना पुरेशी खोली द्यावी आणि ‘रू’ स्वतंत्र अक्षर म्हणून काढावे. वेरूळ लिहिताना ते लागेलच.

सहावी पायरी : मराठीची स्वतःची रूपे

अनेक देवनागरी फॉण्टांत ल आणि श यांची हिंदीत रूढ असलेली रूपे मुख्य असतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श रूढ आहेत, आणि शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही तीच रूपे मराठीसाठी सांगितली आहेत. जाड वळणात पाकळीच्या ल च्या दोन पाकळ्या चिकटून एक गोळा होण्याचा धोका असतो, म्हणून डावी पाकळी थोडी लहान ठेवावी. ‘शेतकऱ्यांसाठी’ मधील अर्ध्या र ची आडवी कमान ही मराठीची दुसरी ओळख. ती फॉण्टात नसेल तर ‘शेतकर्यांसाठी’ असे काहीतरी उमटते आणि रफार भलत्याच जागी जाऊन बसतो. फॉण्ट विकत घेताना किंवा उतरवून घेताना हा एक शब्द टाइप करून पाहिला, तरी त्या फॉण्टाने मराठीचा विचार केला आहे की नाही ते समजते. ‘बॅट’, ‘ऑफिस’ आणि ‘अॅ’ हेही तपासावेत. पाट्यांवर हे शब्द मुबलक असतात.

सातवी पायरी : अंतर

दंडाला लागून दंड आल्यावर मधले पांढरे अंतर दंडाच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवून पाहावे आणि ‘जालना’ शब्दाने त्याचा निकाल लावावा. पोटाला लागून दंड आला तर अंतर थोडे कमी करावे. शिरोरेषा अक्षरांना बांधून ठेवत असल्यामुळे रोमनप्रमाणे दोन-दोन अक्षरांच्या जोड्या सरकवण्याचे काम देवनागरीत कमी पडते, हा एक दिलासा आहे. शब्दांमधील अंतर मात्र रोमनपेक्षा थोडे सढळ हाताने द्यावे, कारण दोन शब्दांच्या शिरोरेषांची टोके जवळ आली की ओळ सलग वाचली जाते.

आठवी पायरी : संगणकावर

कागदावरची अक्षरे स्कॅन करून इंकस्केपमध्ये किंवा थेट फॉण्टफोर्जमध्ये त्यांच्या बाह्यरेषा काढता येतात. दोन्ही सॉफ्टवेअर विनाशुल्क आहेत. स्वयंचलित ट्रेसिंगवर विसंबू नये. ते शेकडो बिंदू टाकते आणि गोल टोक खडबडीत करते. वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकावर एकेक बिंदू ठेवला की गोलाई स्वच्छ येते.

प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड जागेवर बसवावे; युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत आणि क ची जागा ०९१५ आहे. अर्धी रूपे, रफार, जोडाक्षरे यांना स्वतंत्र जागा नसतात. ती ओपनटाइपच्या, म्हणजे फॉण्टातच लिहिलेल्या अक्षरजोडणीच्या, नियमांनी घडतात, आणि हे नियम लिहिण्यात नवोदिताचे आठवडे जातात. मुक्त परवान्याच्या एखाद्या फॉण्टाची फाइल उघडून त्यातील नियम कसे लिहिले आहेत ते वाचणे हा शिकण्याचा सर्वांत जवळचा रस्ता. स्वर, व्यंजने, अर्धी रूपे, मात्रा, अंक आणि नेहमीची जोडाक्षरे धरून दोन-अडीचशे आकृत्यांत पाट्यांपुरता फॉण्ट उभा राहतो.

युनिकोडचा आग्रह का, असे अनेक दुकानदार विचारतात, कारण त्यांच्याकडे वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीचे फॉण्ट चालत आलेले असतात. त्याचे उत्तर ग्राहकाच्या मोबाइलमध्ये आहे. ग्राहक व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतो तो युनिकोडमध्ये. जुन्या फॉण्टात तो चिकटवला की अगम्य चिन्हे उमटतात, मग सगळे पुन्हा टाइप करावे लागते आणि पुन्हा टाइप करताना नवरदेवाच्या मामाचे नाव चुकते. युनिकोड मजकूर फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये तुटका दिसत असेल, तर बहुधा फॉण्ट निर्दोष असतो आणि सॉफ्टवेअरमधील वर्ल्ड-रेडी मांडणीचा, म्हणजे आपल्या लिप्यांची जोडणी नीट करणारा, पर्याय निवडलेला नसतो.

कोठे वापरावे आणि कोठे नाही

जाड, गोल अक्षर दोन-चार शब्दांसाठी असते. दुकानाचे नाव, मिठाईच्या खोक्यावरील पदार्थाचे नाव, अंगणवाडीची भिंत, रसवंती, खेळणी, बालवाचनाच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, येथे ते खुलते. त्याच अक्षरात पत्ता, वेळ आणि निमंत्रकांची चाळीस नावे लिहिली की सगळा फलक ओरडू लागतो. खालच्या मजकुरासाठी ‘मुक्ता’, ‘हिंद’ यांसारखा साधा फॉण्ट जोडीला घ्यावा. श्रद्धांजलीच्या फलकावर गुबगुबीत अक्षरे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. दुःखाच्या प्रसंगी अक्षराने हसू नये एवढे भान फलक करणाऱ्याकडे असावे.

आकाराचा अंदाज म्हणून पाट्या करणारे दर दहा फुटांना एक इंच उंची धरतात. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून तळरेषेपर्यंतची धरावी, मात्रा-उकारांसह नव्हे, आणि गर्दीच्या जोडाक्षरांचा शब्द असेल तर दीडपट करावी. साठ फूट रुंद रस्त्यापलीकडून वाचायचे असेल तर सहा इंचांचे अक्षर ही किमान गरज झाली.

लांब नाव बसत नाही म्हणून अक्षरे आडवी दाबू नयेत. ‘छत्रपती संभाजीनगर’ दाबले की दंड बारीक होतात, शिरोरेषा तशीच जाड राहते, आणि गोल टोके अंड्यासारखी होतात. नाव दोन ओळींत घ्यावे, किंवा मुळातच अरुंद असलेला ‘खंड’ अथवा ‘तेको’ फॉण्ट निवडावा. आधीच जाड असलेल्या फॉण्टावर सॉफ्टवेअरमधील ठळक करण्याचे बटण दाबणे हाही तसाच अपराध आहे. संगणक रेघ सर्व बाजूंनी फुगवतो आणि आपण राखलेली पोटातील जागा बुजते. अक्षराभोवती पांढरी किंवा पिवळी किनार द्यायची असेल तर ती अक्षराच्या मागे जाईल असा पर्याय निवडावा, म्हणजे किनार फक्त बाहेर वाढते.

साहित्याप्रमाणे अक्षर बदलते. राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्राने, अॅक्रिलिक कापताना पात्याचे टोक स्वतःच गोल असते, तीन मिलिमीटरचे पाते आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल करणारच. म्हणून गोल वळणाचे अक्षर या कामात सर्वांत प्रामाणिक उतरते. आत एलईडी बसवायचे असतील तर जाड रेघेत ते सहज मावतात आणि उजेडही सारखा पसरतो. कापडी पिशवीवर स्क्रीन छपाई करताना शाई पसरते, म्हणून पोकळ्या एक घर अधिक उघड्या ठेवाव्यात. गोणीवर स्टेन्सिलने नाव मारायचे असेल तर व, प, ब यांच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो. त्याला धरून ठेवणारे दोन छोटे पूल आधीच आखावेत, आणि ते अक्षराच्या वळणात मिसळतील अशा जागी आखावेत.

अनेक लिप्यांची पाटी

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये मराठीशेजारी उर्दू, नांदेडमध्ये गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू आणि उमरगा-उदगीरच्या बाजूला कन्नड असलेल्या पाट्या नेहमीच्या आहेत. वेगवेगळ्या लिप्यांसाठी वेगवेगळ्या स्वभावाचे फॉण्ट लावले की पाटीवर दोन दुकाने असल्यासारखे दिसते. ‘बलू’ कुटुंब येथे उपयोगी पडते, कारण त्यात एकाच वजनाच्या आणि वळणाच्या अनेक लिप्या आहेत व त्यांची नावेही आपुलकीची आहेत : गुरुमुखीचा ‘बलू पाजी’, कन्नडचा ‘बलू तम्मा’, तेलुगूचा ‘बलू तम्मुडू’, उर्दूचा ‘बलू भाईजान’. तेलुगू आणि कन्नड अक्षरे मुळातच गोल आणि शिरोरेषेविना असल्यामुळे जाड वळणात ती अधिक मोकळी दिसतात. शेजारची देवनागरी त्यामुळे काळपट वाटते आणि तिचा आकार पाच-सात टक्के वाढवून तोल साधावा लागतो. उर्दूबाबत एक सावधगिरी : ‘बलू भाईजान’चे वळण नस्ख, म्हणजे सरळ ओळीत चालणाऱ्या, पद्धतीचे आहे, आणि आपल्याकडील उर्दू वाचकाच्या डोळ्याला तिरके उतरत जाणारे नस्तालीक वळण सवयीचे आहे. ग्राहकाला नमुना दाखवूनच काम पुढे न्यावे.

आकार ठरवताना कायदाही पाहावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नामफलकावर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीलाच असावे लागते आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू शकत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. मोजताना रोमनची मोठी अक्षरे आणि देवनागरीची शिरोरेषा-तळरेषेमधील उंची एकमेकांशेजारी ठेवून पाहावी. फॉण्टाचा आकडा दोन्हीकडे सारखा असला तरी देवनागरी बहुधा बुटकी भरते.

पाटी टांगण्यापूर्वी तिचा पूर्ण आकाराचा साधा कागदी नमुना भिंतीवर चिकटवून दुपारच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली, रस्त्याच्या दोन्ही कडांवरून पाहावा, आणि शक्य असल्यास नाव माहीत नसलेल्या कोणाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. खव्याच्या पाटीच्या वेळी मी हे केले नव्हते. नंतर ख नव्याने काढला : र चा पाय खाली वळवून व च्या पोटाला जोडला, मधली जागा निम्मी केली आणि वाचलेली जागा व च्या पोटाला दिली. नवी पाटी दर्शनी भागावर गेली. जुनी पाटी मालकांनी फेकली नाही. ती त्यांनी दुकानाच्या आत, काट्याच्या मागच्या भिंतीवर लावली, आणि तेथे चार फुटांवर उभे राहिलेल्या गिऱ्हाइकाला ती ‘खवा’ अशीच वाचता येते.